शाळेच्या कोठीतील पोते

२००८ साली मी पूर्व घाटातील एका डोंगराळ जिल्ह्यात काम करीत असताना एक साधी फाइल माझ्यासमोर आली. काही गावांतील महिला बचत गटांनी अर्ज केला होता की, शाळेच्या मध्यान्ह भोजनात आठवड्यातून एक दिवस भाताऐवजी आमच्या शेतातील नाचणी घ्यावी. तिकडे नाचणीला मांडिया म्हणतात. अर्जाबरोबर दर दिला होता, प्रमाण दिले होते आणि नाचणी कोण दळून देणार याचीही नोंद होती. कार्यालयाची टिपणी चार ओळींची होती : तांदूळ केंद्राकडून विनामूल्य मिळतो, नाचणी घेतल्यास मुलामागे खर्च वाढेल, तशी तरतूद नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. मी खाली ‘नियमात बसत नाही’ असा शेरा लिहून सही केली.

पंधरा-वीस दिवसांनी त्याच भागात दौऱ्यावर गेलो असता अर्जदारांपैकी एक वृद्ध बाई शाळेच्या स्वयंपाकघरापाशी भेटली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. ती एवढेच म्हणाली, “आज्ञा, हा भात दुपारपर्यंत टिकतो, मांडिया संध्याकाळपर्यंत टिकतो. पोरांना चार कोस चालत घरी जायचे असते.” तिच्यामागे कोठीत तांदळाची पोती रचलेली होती. पोत्यांवर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका भातगिरणीचा शिक्का होता. कोठीच्या दारातून समोरचा डोंगरउतार दिसत होता आणि त्यावर नाचणीची कणसे पिकत आली होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. शाळेच्या जेवणासाठी धान्य नेमके कोण विकत घेते? हा प्रश्न मी अनेक सहकाऱ्यांना विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तर आले, “विकत कुठे घेतो? ते येते.” पर्यावरणाचे भान ठेवून खरेदी करावी, असे आज शासनातही बोलले जाते. परंतु जिथे खरेदी होते याचीच जाणीव नाही, तिथे भान ठेवणार कोण? ‘ते येते’ ही वृत्ती आपल्या प्रशासनात कशी रुजली, हे समजून घ्यायचे तर शालेय भोजनाचा इतिहास एकदा या बाजूने पाहावा लागतो.

आपल्याकडे या इतिहासाची सुरुवात बहुधा मद्रास शहरापासून सांगितली जाते. सप्टेंबर १९२० मध्ये मद्रास महापालिकेने, सर पिट्टी त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव केला. खर्चाची मर्यादा मुलामागे रोज एक आणा. पुढे आणखी चार शाळांचा समावेश झाला. या पाच शाळांतील पटसंख्या १९२२-२३ मध्ये ८११ होती, ती १९२४-२५ मध्ये १६७१ झाली. इतके यश मिळूनही १९२५ साली योजना बंद पडली, कारण प्राथमिक शिक्षण निधीतून खाण्यावर खर्च करण्यास ब्रिटिश सरकारने मान्यता दिली नाही. खाणे चांगले की वाईट, मुले वाढली की घटली, हा मुद्दाच नव्हता. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, एवढाच मुद्दा होता. २००८ सालच्या माझ्या शेऱ्याचा पूर्वज मला या निर्णयात दिसतो.

तथापि त्या एका आण्यात एक गुण होता. तो पैसा शहरातला होता आणि खरेदी करणारी महापालिका त्याच शहराची होती. १९५६ मध्ये के. कामराज यांनी मद्रास राज्यात ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू केली, तेव्हाही आरंभीचा भर लोकसहभागावर होता. गावाने जमेल ते द्यावे, सरकारने आपला वाटा घालावा, अशी ती रचना होती. अशा व्यवस्थेत शाळेत काय शिजणार हे गावात काय पिकते यावर बऱ्याच अंशी ठरते. त्या काळी कोणी याला ‘पर्यावरणपूरक खरेदी’ म्हटले नसते. परंतु धान्य जवळचे, वाहतूक थोडी आणि देणाऱ्याला ते कुठे जाते हे ठाऊक, एवढ्या तीन गोष्टी त्यात आपोआप साधत होत्या. या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. गाव गरीब असेल तर ताटही गरीब राहते आणि दुष्काळात ते रिकामेच होते. म्हणून बाहेरच्या मदतीची गरज होती, हे नाकारता येत नाही.

ती मदत सातासमुद्रापलीकडून आली. १९६१ पासून ‘केअर’ या अमेरिकन संस्थेच्या साहाय्याने मद्रासमधील शाळांना दूध भुकटी, खाद्यतेल, गहू, मका असे पदार्थ मिळू लागले आणि पुढे अनेक राज्यांत ही मदत पसरली. या मदतीमागे अमेरिकेचा १९५४ चा ‘पीएल ४८०’ हा कायदा होता. अतिरिक्त शेतमालाची विल्हेवाट लावणे हा त्या कायद्याचा एक उघड हेतू होता. म्हणजे आपल्या मुलांच्या ताटात काय पडावे, हे अमेरिकेतील कोणत्या पिकाचे भाव पडले आहेत यावर ठरू लागले. याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. त्या अन्नावर लाखो मुले जगली. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने एक सवय इथे लागली. शाळेचे जेवण म्हणजे दुसरीकडे उरलेल्या मालाचे योग्य ठिकाण, अशी ती सवय होती.

महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीला याची वेगळी ओळख सांगावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी घरोघरच्या आठवणींत आहे. ज्या मुलखाची ओळखच ज्वारीची भाकरी, त्या मुलखाने परदेशी ज्वारी खाल्ली. आयात धान्याविषयी लोकांच्या मनात संशयही होता. गाजरगवत अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे आजही खेड्यापाड्यांत सांगतात. कालक्रम पाहता ही समजूत जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पुण्यात या गवताची नोंद १९५५ च्या सुमारास झाली आणि पीएल ४८० खालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे. पण समजुतीमागची जाण मला महत्त्वाची वाटते. धान्य एकटे येत नाही, त्याच्याबरोबर आणखी काहीतरी येते, हे लोकांना कळत होते. आपल्या फाइलींना ते कळत नव्हते.

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळाची आणि कृषी मूल्य आयोगाची स्थापना झाली. हमीभाव आणि हमखास खरेदी या दोन चाकांवर हरितक्रांतीचा गाडा चालला आणि देश आयातीतून सुटला. हे यश लहान नाही. मात्र हमखास खरेदी प्रत्यक्षात मुख्यतः गहू आणि तांदूळ या दोनच धान्यांची झाली. परिणाम सरळ आहे : सरकार जे घेते, ते शेतकरी पेरतो. १९६५-६६ मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी आदी भरड धान्यांखाली देशात सुमारे ३.७ कोटी हेक्टर क्षेत्र होते. पन्नास वर्षांनी ते सुमारे दीड कोटी हेक्टरवर आले. याला एकटी सरकारी खरेदी कारणीभूत नाही. लोकांची आवड बदलली, सिंचन आले, सोयाबीन-कापसासारखी नगदी पिके आली. पण खरेदीचा वाटा मोठा आहे.

आता शाळेकडे परत येऊ. १ जुलै १९८२ रोजी तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक भोजन योजना सुरू केली. तिला तेव्हा उधळपट्टी म्हणून हिणवले गेले; पुढे तीच देशाचा आदर्श ठरली. १९८४ मध्ये गुजरातने असाच कार्यक्रम हाती घेतला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने राष्ट्रीय पातळीवरील योजना २४०८ विकासगटांत सुरू केली. तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. केंद्र मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य विनामूल्य देणार. शिजवणे राज्यांनी पाहावे. बहुतेक राज्यांनी शिजवण्याचा खर्च टाळला आणि ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो कोरडे धान्य देण्याची वाट धरली. पालक पिशवी घेऊन शाळेत येत आणि धान्य घेऊन जात. शाळा ही रेशन दुकानाची शाखा झाली.

२००१ साली देशात एक विलक्षण स्थिती होती. सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठले होते आणि अनेक राज्यांत दुष्काळ होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की, प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले जेवण द्यावे; त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत; वर्षातून किमान २०० दिवस ते मिळावे. माझ्या मते स्वतंत्र भारतातील मुलांसाठी इतका उपकारक आदेश क्वचितच निघाला असेल. पुढे २००४ मध्ये न्यायालयाने सांगितले की शिजवण्याचा खर्च मुलांकडून घेऊ नये आणि स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासी स्त्री-पुरुषांना प्राधान्य द्यावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचे स्वरूप दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. त्या वेळी ११ लाखांहून अधिक शाळांतील सुमारे ११.८० कोटी मुले तिच्या कक्षेत असल्याचे सांगितले गेले.

या आकड्यांचा खरेदीच्या दृष्टीने अर्थ लावून पाहू. एका प्राथमिक विद्यार्थ्याला रोज १०० ग्रॅम आणि वर्षाचे २०० दिवस, म्हणजे वर्षाला २० किलो धान्य. शंभर मुलांच्या शाळेला दोन टन. दहा कोटी मुले धरली तर वीस लाख टन. उच्च प्राथमिकचे प्रमाण १५० ग्रॅम आहे, म्हणजे प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच. एवढे मोठे भोजनालय जगात फार थोडे असेल. आणि या भोजनालयात धान्याच्या बाबतीत एकही मुख्याध्यापक, एकही गटशिक्षणाधिकारी, एकही जिल्हाधिकारी ‘कुठले धान्य आणि कुठून’ हा प्रश्न विचारीत नाही, कारण त्याच्या हिशोबात त्या धान्याचा दर शून्य आहे.

दर शून्य आहे, किंमत शून्य नाही. केंद्रीय साठ्यातील तांदळाचा मोठा वाटा पंजाब आणि हरियाणातून येतो. पंजाबी माणूस मूळचा भातखाऊ नव्हे. तिथला तांदूळ मुख्यतः देशाच्या साठ्यासाठी पिकतो. त्यासाठी जमिनीतून जितके पाणी दरवर्षी मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी पंजाबात उपसले जाते, असे केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल सांगतात. २००९ साली पंजाब सरकारला भूजल रक्षणासाठी कायदा करून भाताची लावणी पाऊसकाळाजवळ ढकलावी लागली. म्हणजे शाळेला ‘फुकट’ मिळणाऱ्या भाताचे मोल कोणत्यातरी विहिरीने मोजलेले असते. ते आपल्या फाइलीवर येत नाही, कारण ती विहीर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या खात्याकडे आहे. माझ्या जिल्ह्यातील नाचणीला पाट लागत नव्हता, विजेचा पंप लागत नव्हता. पण तिला दर होता. शून्य दर आणि पंधरा रुपये दर यांची तुलना केली तर कोणताही कारकून शून्याचीच शिफारस करील. दोष कारकुनाचा नव्हता. तुलनाच चुकीची होती आणि ती तपासणे हे माझे काम होते.

सरकारला खरेदीतून एखादे पीक जगवता येत नाही, असे कोणी म्हणेल तर मी त्याला धान्याऐवजी पोत्याकडे पाहायला सांगेन. शाळेच्या कोठीतील बारदान तागाचे असते. ते योगायोगाने नव्हे. १९८७ च्या ताग वेष्टन कायद्याने धान्यासाठी तागाची पोती वापरणे बंधनकारक केले आणि बंगालमधील ताग गिरण्या आणि ताग उत्पादक शेतकरी त्यावर टिकून राहिले. कायद्याचा हेतू उद्योगाचे रक्षण हा होता. प्लास्टिकची गोणी टळली हा लाभ वरकड मिळाला. म्हणजे पोत्याने कुठून यावे हे ठरवण्याइतकी इच्छाशक्ती आपल्या शासनात होती, पोत्यात काय असावे याबाबत मात्र नव्हती. त्याच पोत्याची दुसरी बाजूही सांगतो. २०२१ साली बिहारच्या शिक्षण विभागाने मुख्याध्यापकांना मध्यान्ह भोजनाची रिकामी पोती प्रत्येकी दहा रुपयांना विकून पैसे जमा करण्यास सांगितले. कटिहार जिल्ह्यातील एका शिक्षकाने ती रस्त्यावर उभे राहून विकली, तर शासनाची बदनामी झाली म्हणून त्याला निलंबित करण्यात आले. पोते पुन्हा वापरात यावे ही कल्पना वाईट नव्हती. पण वरच्या कल्पनेचे ओझे खालच्या शेवटच्या माणसाच्या डोक्यावर देऊन मोकळे व्हायचे, ही आपली रीत त्यात स्पष्ट दिसते.

धान्य सोडले तर बाकीच्या वस्तू, म्हणजे डाळ, तेल, भाजी, मीठ आणि जळण, स्थानिक पातळीवर खरेदी होतात. २००८ च्या सुमारास त्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला जेमतेम दोन रुपये मिळत. एवढ्या पैशात स्वस्तातील स्वस्त वस्तूच येते. जळणाचे पाहा. डोंगरी भागात सरपण ‘फुकट’ असते, कारण ते स्वयंपाकी बाई डोक्यावर आणते. धूर तिच्या छातीत जातो आणि झाड जंगलातून जाते. दोन्हींची नोंद कुठेच होत नाही. गॅस आला तिथे चित्र बदलले, पण सप्टेंबर २०१२ मध्ये सवलतीच्या सिलिंडरांवर मर्यादा आली, तेव्हा शाळांच्या शेगड्याही महागल्या आणि फरकाची भरपाई करण्यासाठी केंद्राला पुढे वेगळी सोय करावी लागली. घरगुती वापरासाठी घेतलेल्या निर्णयात शाळेचे स्वयंपाकघर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आणि तेलाचे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. भाजीपाल्यावर ते फवारण्यास २००५ पासूनच मनाई होती, परंतु इतर पिकांसाठी ते खेडोपाडी मिळत होते. या घटनेनंतर चव घेण्याचे नियम कडक झाले, तपासण्या वाढल्या. ते योग्यच झाले. परंतु मला त्या दिवशी वाटले ते असे. शेतातले विष आणि शाळेतले जेवण यांच्यामध्ये आपण दोन वेगळ्या खात्यांची भिंत मानत होतो. ती भिंत कागदावर होती. गावात दोन्ही वस्तू एकाच घरात, एकाच फळीवर राहत होत्या. पर्यावरणाचा विचार म्हणजे संपन्न लोकांची हौस, असे मानणाऱ्या सहकाऱ्यांना मी या २३ मुलांची आठवण देतो.

मग प्रशासनाने केले काय? १९९१ साली केंद्राने ‘इकोमार्क’ नावाची खूण सुरू केली. पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या वस्तू ग्राहकाला ओळखता याव्यात असा हेतू होता. उत्पादकांनी तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली, कारण सर्वांत मोठा ग्राहक जो सरकार, तोच ती खूण पाहून खरेदी करीत नव्हता. २०२४ मध्ये त्यासाठी नवे नियम करावे लागले. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वीज वाचवणाऱ्या उपकरणांचा उल्लेख आला. दिवा किंवा पंखा घेताना तारे मोजायचे, हे आपण शिकलो. धान्य घेताना काय मोजायचे, हे अजून शिकायचे आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे हा आपल्याकडे सद्वर्तनाचा पुरावा मानला जातो. अधिक दराची स्वीकारली तर कारण लिहावे लागते, आणि कारण लिहिणे म्हणजे संशय ओढवून घेणे. या भीतीचा मी उपहास करणार नाही. मी स्वतः तिच्यापोटीच सही केली होती.

तरीही काही ठिकाणी वाट निघाली आहे. मिझोरममधील लाँगतलाई हा सीमेवरचा दुर्गम जिल्हा. भाजी बाहेरून यायची आणि पावसाळ्यात दरडी कोसळल्या की यायची बंद व्हायची. तिथल्या जिल्हा प्रशासनाने ‘कान सिकुल, कान हुआन’, म्हणजे ‘माझी शाळा, माझे शेत’, हा उपक्रम घेतला आणि शाळाशाळांत परसबागा उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये केंद्रानेही शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्नाटकाने आपल्या दूध महासंघाच्या दुधाची भुकटी २०१३ पासून शाळांत नेली आणि २०२४ मध्ये त्या दुधात नाचणीचे पीठ मिसळून देण्यास सुरुवात केली. ओडिशाने २०१७ मध्ये भरड धान्य अभियान सात जिल्ह्यांत सुरू केले. आधी बियाणे आणि शेतकरी, मग हमीभावाने खरेदी, मग दळण आणि प्रक्रिया करणारे महिला गट, आणि त्यानंतर रेशन आणि अंगणवाडी, असा क्रम त्यांनी धरला. २०२० पासून केओंझर जिल्ह्यातील अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू मिळू लागले. पैसा जिल्हा खनिज निधीतून आला. केओंझर हा लोहखनिजाचा जिल्हा. ज्या खाणींनी डोंगर पोखरले, त्यांच्याच निधीतून डोंगरावरच्या पिकाला गिऱ्हाईक मिळाले, हे मला न्यायाचे वाटते.

केवळ घोषणेने काम होत नाही, याचेही उदाहरण आहे. जानेवारी २०१६ मध्ये सिक्कीम हे संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. कौतुकास्पद गोष्ट, पण त्या राज्याची भाताची गरज तिथल्या शेतीतून भागत नाही आणि सरकारी योजनांचा तांदूळ महामंडळाच्या गोदामातूनच वर चढतो. पिकवण्याचे धोरण एका खात्याने आखले आणि घेण्याचे दुसऱ्याने, की असे होते.

शिवाय भरड धान्याची स्वतःची काही सत्ये आहेत. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ते दूरच्या गिरणीत दळून पोत्यांतून पाठवता येत नाही. दोनशे मुलांसाठी भाकरी थापणे दोघा स्वयंपाक्यांच्या ताकदीबाहेरचे आहे. म्हणून आंबील, लाडू, खिचडी असे पदार्थच निवडावे लागतात आणि दळणाची सोय गावाजवळ लागते. स्वयंपाकी बाईचे केंद्राने ठरवलेले मानधन २००९ मध्ये महिना एक हजार रुपये होते. अनेक राज्ये त्यात भर घालतात, तरी ते तुटपुंजेच राहिले आहे. पर्यावरणाची जबाबदारी तिच्या मनगटांवर टाकून आपण नामानिराळे राहू नये.

या अनुभवातून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, केंद्राकडून मिळणाऱ्या धान्याचा खरा खर्च, म्हणजे खरेदी, साठवण आणि वाहतूक धरून पडणारी किंमत, जिल्ह्याच्या टिपणीत लिहिली जावी. शून्याशी तुलना थांबली की निम्मे काम होईल. दुसरी, धान्य न उचलता तेवढीच रक्कम स्थानिक धान्यासाठी वापरण्याची मुभा जिल्ह्याला आठवड्यातून एका दिवसापुरती असावी. वर्षाचे दोनशे दिवस म्हणजे चाळीस आठवडे. मुलामागे चार किलो. दहा कोटी मुलांना चार लाख टन. हेक्टरी एक-दीड टन उत्पादन धरले तर पावणेतीन ते चार लाख हेक्टर कोरडवाहू जमिनीला हक्काचे गिऱ्हाईक मिळते. तिसरी, अशी खरेदी निविदेने नव्हे तर आधी जाहीर केलेल्या दराने गटांकडून व्हावी आणि ती केल्याबद्दल अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागू नये. खुलासा न करणाऱ्याकडून मागावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांपैकी अनेकजण विद्यापीठांत, संशोधन संस्थांत, मोठ्या कंपन्यांच्या परिसरात काम करतात. तुमच्याही भोजनालयाची एक समिती असते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आल्यावर बहुतेक समित्यांनी कागदी ताटल्या आणल्या आणि विषय संपवला. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारून पाहा : आपला तांदूळ, डाळ, तेल कुठून येते? उत्तर ‘कंत्राटदाराला ठाऊक’ असे आले, तर समजा की तिथेही ते ‘येतेच’ आहे, कोणी विकत घेत नाही.

२००८ सालची ती फाइल आता कोणत्यातरी अभिलेख कक्षात असेल किंवा मुदत संपून नष्टही झाली असेल. आज ती पुन्हा समोर आली तर मी कार्यालयाला विचारीन की, विनामूल्य तांदळाची किंमत किती ते लिहून आणा. आणि लेखापरीक्षकासाठी खाली एक ओळ जोडीन : मुलांना चार कोस चालत घरी जायचे असते.